लेकीशी बोलण्याकरिता अर्ज

आमची अश्विनी आखातातल्या एका देशात नर्स म्हणून गेली, त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. देशाचं नाव मी इथे देत नाही. तिथल्या टेलिफोन कंपनीशी माझा पत्रव्यवहार झालेला आहे, आणि त्यातून जे निष्पन्न झालं ते पाहता त्या मंडळींबद्दल पुन्हा लेखी काही देण्याची माझी छाती नाही.

एरवी लेखी देणं हा माझा धंदाच होता. एकतीस वर्षं सिल्वासाच्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावक विभाग सांभाळला. बाहेरून आलेला प्रत्येक कागद माझ्या शिक्क्यानिशी आत गेला आणि आतला प्रत्येक कागद माझ्या शिक्क्यानिशी बाहेर पडला. मधल्या काळात त्या कागदाचं काय होत होतं ते साहेब लोकांना ठाऊक. पण पत्र गेलं की कधी ना कधी उत्तर येतं, एवढी एक श्रद्धा त्या टेबलाने माझ्या मनात रुजवली. माणसाने निवृत्त होताना शाल घरी आणावी आणि अशा श्रद्धा कचेरीत ठेवून याव्यात. माझी शाल तिथेच खुर्चीवर राहिली.

अश्विनी पोचली त्या संध्याकाळी टोकरखाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि शोभा सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो. शोभाने, म्हणजे माझ्या पत्नीने, चांगलं पातळ नेसून केसांत गजरा माळला होता. व्हिडिओ कॉल लागला. अश्विनीचा चेहरा दिसला, तिने बोलायला तोंड उघडलं, आणि ती तशीच राहिली. तोंड उघडं, एक डोळा अर्धवट मिटलेला. आम्ही दहा मिनिटं त्या चित्राशी बोललो.

"दमलेली दिसते," शोभा म्हणाली.

मग तिचा मेसेज आला. इथे इंटरनेटवरून कॉल करायला बंदी आहे. अख्ख्या देशात एकच टेलिफोन कंपनी आहे. बोलायचं तर तिच्याच लाईनवरून आणि तिच्याच दराने. स्वस्तात बोलायची जेवढी ॲप आहेत तेवढी ती बंद पाडते. मेसेज मात्र जातात.

खरं सांगायचं तर माझं पहिलं मत कंपनीच्या बाजूने पडलं. आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस मी. म्हटलं, "तारा त्यांनी टाकल्या, मनोरे त्यांनी उभारले. लोक बाहेरच्या बाहेर बोलायला लागले तर त्यांनी काय करावं?"

"तारा त्यांच्या असतील," शोभा म्हणाली. "पोरगी माझी आहे."

मी पेपर वाचायला घेतला.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अश्विनी साधा फोन करू लागली. तो इतका महाग पडायचा की ती घड्याळ लावून चार मिनिटं बोलायची. त्यातलं एक मिनिट 'ऐकू येतंय का' यात जायचं, एक 'आता येतंय का' यात, आणि उरलेली दोन मिनिटं शोभा तिला थोडक्यात बोल म्हणून बजावण्यात घालवायची. माझ्या वाट्याला 'बाबा, बरे आहात ना?' आणि 'हो, ठेव आता' एवढा संवाद यायचा. तो मला पुरेसा वाटायचा, हेही कबूल करतो.

शोभाला तो पुरेना. तिने आवाजी मेसेज पाठवायला सुरुवात केली. पण समोरचं माणूस नसताना बोलण्याची तिला सवय नाही. ती फोन तोंडासमोर धरून विचारायची, "जेवलीस का गं?" आणि थांबायची. उत्तराला पुरेल एवढी. मग, "काय केलं होतं?" पुन्हा थांबायची. मग स्वतःच, "हं. बरं केलंस." असे अकरा अकरा मिनिटांचे मेसेज तिकडे जायचे, त्यात निम्मी शांतता. अश्विनी ते ड्यूटीवरून आल्यावर ऐकायची आणि त्या त्या जागी उत्तरं द्यायची म्हणे. एका संभाषणाला अशा रीतीने तीन दिवस लागायचे. मंगळवारी विचारलेल्या सर्दीचं उत्तर गुरुवारी यायचं, तोवर सर्दी इकडे शोभाला झालेली असायची.

हे पाहवेना म्हणून मी ठरवलं, आपणच इकडून फोन करायचा. आपल्याकडे स्पर्धा आहे, दर त्या मानाने बरे आहेत. मोबाईल कंपनीच्या इथल्या दुकानात गेलो. काउंटरवर एक मुलगी होती, दुर्गा नावाची पाटी लावलेली. गुजराती, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांत नकार देण्याइतकी ती तयार होती.

"काका, या नंबरवर परदेशी कॉलची सोय बंद आहे. चालू करायला सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांना यावं लागेल."

"माझंच आहे."

तिने पडद्यावर पाहिलं. "नाही. अश्विनी मधुकर खामकर."

बरोबर होतं. चार वर्षांपूर्वी पोरीनेच कुठल्याशा योजनेत ते सिम घेऊन मला दिलं होतं.

"ती परदेशात आहे," मी म्हटलं.

"मग आल्या की घेऊन या."

"ती आली तर मला फोन कशाला लागेल? तिला फोन करायचा म्हणूनच तर मी आलोय!"

"हां तो, काका," दुर्गा सहानुभूतीने म्हणाली. "पण ग्राहक समोर पाहिजे. नहीं तो ओटीपी सांगा."

ओटीपी अश्विनीच्या जुन्या नंबरवर गेला. तो नंबर तिने जाताना बंद केला होता. तो बंद आहे असं लेखी देतो म्हटलं, तर ते पत्र ग्राहकाच्या सहीचं हवं. मी दुसरं सिम मागितलं. त्याला माझा आधार लागला. माझ्या आधारवर अजून गावाकडचा, लांज्याचा पत्ता. बोटांचे ठसे द्यायला गेलो तर यंत्राला माझे ठसेच दिसेनात. "काकांचे ठसे घासलेत," असं दुर्गाने मागे वळून तिच्या साहेबांना मोठ्याने सांगितलं. दुकानातल्या आठ-दहा माणसांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. एकतीस वर्षं शिक्के मारून माझे ठसे गेले, यात मला थोडी तरी प्रतिष्ठा वाटायला हवी होती. त्या क्षणी वाटली नाही.

इथे अनंतरावांचा प्रवेश होतो. अनंतराव वरच्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झालेत, आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एक ॲप असतं.

"एवढं काय त्यात, खामकर? ती कंपनी बंद पाडते ती प्रसिद्ध ॲप. आपण अप्रसिद्ध घ्यायचं." असं म्हणून त्यांनी माझ्या फोनवर 'किलबिल' नावाचं काहीतरी बसवून दिलं. ते चार दिवस उत्तम चाललं. पाचव्या दिवशी कंपनीला त्याचा पत्ता लागला. मग त्यांनी 'हॅलोमाऊ' बसवलं. बसवताना ते पुष्कळ प्रश्न विचारत होतं, आणि अनंतराव न वाचता सगळ्यांना 'हो' म्हणत होते. बँकेतही तसंच करत असावेत.

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनमधल्या दोनशे चौदा जणांना माझ्या फोटोसह हिंदीत निरोप गेला: 'मधुकर आपसे दिल की बात करना चाहते हैं।' शोभाच्या थोरल्या बहिणीने फोन करून शोभाला जपून राहायला सांगितलं. गॅस एजन्सीने 'आपली विनंती नोंदवली आहे' असं कळवलं. आणि आमच्या कचेरीच्या धनश्री मॅडम, ज्यांच्यासमोर मी कधी खुर्चीत टेकून बसलो नाही, त्यांचा सकाळी सकाळी मेसेज आला: 'खामकर, सगळं ठीक आहे ना?' मी एक पानी खुलासा पाठवला. त्यावर त्यांनी अंगठा दाखवला. तो अंगठा समाधानाचा होता की नुसताच मिळाल्याचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

तिसरं ॲप निघालं 'टिवटिव'. हे खुद्द अश्विनीला तिच्या बरोबरच्या एका नर्सने सांगितलं होतं. आवाज विहिरीतून आल्यासारखा, चित्र पाण्यातून पाहिल्यासारखं. पण चालायचं. रोज संध्याकाळी चालायचं. शोभाच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. त्या देशातली आपली कितीतरी माणसं म्हणे त्याच्यावरच बोलत होती, गुपचूप.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं.

पण मला ते गुपचूप बोलणं टोचत होतं. आपल्या मुलीशी बोलायला चोरी कसली? शिवाय, खरं कारण सांगतो, त्याआधीच मी एक अर्ज लिहायला घेतला होता. थेट त्या कंपनीच्या मुख्य व्यवस्थापकांना. तीन पानं इंग्रजीत, आणि हाताने लिहिलेल्या मसुद्याच्या समासात माझ्या स्वतःच्याच दुरुस्त्या. तयार झालेला कागद न पाठवणं मला जमत नाही. अर्जात मी मक्तेदारीचे तोटे मांडले होते, ज्येष्ठ नागरिकांच्या भावना मांडल्या होत्या, भारत आणि त्या देशाच्या जुन्या व्यापारी संबंधांवर एक परिच्छेद होता, आणि शेवटी 'परिशिष्ट अ'.

'परिशिष्ट अ' हे माझ्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम काम होतं. त्यात तक्ता होता. कुठलं ॲप, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, दर्जा कसा, सध्या चालू की बंद. खाली अर्जदाराच्या कन्येचं नाव, तिथला मोबाईल नंबर, हॉस्पिटलचा पत्ता.

"पोरीचा नंबर कशाला द्यायचा?" शोभाने विचारलं.

"संदर्भ नसलेल्या पत्राला किंमत नसते," मी म्हटलं.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. एके दिवशी दारात बायडाबाई उभ्या राहिल्या. आमच्या मागच्या चाळीत राहतात, मूळच्या धुळ्याकडच्या, गलोंड्याच्या धाग्याच्या कारखान्यात रिळं भरायला जातात. त्यांचा मुलगा भगवंत त्याच कारखान्यात फिटर होता, तो एका एजंटमार्फत त्याच देशात गेला होता.

"साहेब, तुम्ही त्या फोनवाल्यास्ले कागद धाडी राहिनात ना? मना पोऱ्याचंबी नाव टाका." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तीन महिने व्हयनात. बोलत नही. नुसतं लिवून धाडतो, मजेत शे, मजेत शे. म्हने इथला फोन लागत नही."

शोभाने त्यांना आत बसवलं, 'टिवटिव'बद्दल सांगितलं, भगवंतला तसा मेसेजही केला. त्याचं उत्तर आलं: 'माझ्या फोनवर ते चालत नाही काकू. मायला सांगा मी मजेत आहे.'

मला वाईट वाटलं. असा अन्याय नुसता पाहून सोडता कामा नये, तो कागदावर यायला हवा. मी भगवंतचं नाव आणि नंबर 'परिशिष्ट अ' मध्ये क्रमांक दोनवर घातला. बायडाबाईंनी प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही केली. एकेक अक्षर काढायला त्यांना वेळ लागला. शेवटच्या वेलांटीनंतर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागदाला हात लावून तो कपाळाला लावला. ते आठवलं की मला अजूनही कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

अर्ज ईमेलने गेला. आणि उत्तर आलं! नवव्या दिवशी, संदर्भ क्रमांकासह, खाली नाव आणि हुद्दा. इतकं चोख उत्तर मला आमच्या खात्याकडून उभ्या हयातीत आलं नव्हतं. मी अनंतरावांना खाली बोलावलं, चहा टाकायला सांगितला आणि मोठ्याने वाचू लागलो. पहिल्या परिच्छेदात त्यांनी माझे आभार मानले होते. दुसऱ्यात माझ्या पत्राच्या मुद्देसूद मांडणीची दखल घेतली होती. मी जरा थांबून अनंतरावांकडे पाहिलं.

"पुढे वाचा," ते म्हणाले.

तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की आपण जागरूकपणे पुरवलेल्या माहितीच्या आधारे 'टिवटिव' ही परवाना नसलेली सेवा देशभरात तत्काळ बंद करण्यात आली आहे. तसंच परिशिष्टात नमूद केलेल्या दोन्ही क्रमांकांच्या सेवा, खुलासा होईपर्यंत, स्थगित करण्यात येत आहेत. आपल्या सहकार्याबद्दल पुन्हा एकदा धन्यवाद.

अनंतराव चहा न घेता वर गेले. अनंतराव चहा टाकून गेले हे मी दहा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी शोभाने 'टिवटिव' उघडलं. वर्तुळ फिरत राहिलं. तिने मेसेज पाठवला, त्याला एकच खूण आली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं, घडी केली, टेबलावर ठेवलं आणि आत जाऊन पोळ्या करायला लागली. पोळपाटाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. त्यानंतर पाच दिवस ती माझ्याशी फक्त 'जेवायला वाढलंय' एवढंच बोलली. मला कंपनीच्या दराची आठवण व्हायची.

ते पाच दिवस मी काय काय केलं ते सांगत नाही. कंपनीला चार ईमेल पाठवले. चारींना पोच आली, उत्तर एकालाही नाही. तिसऱ्या दिवशी अश्विनीच्या खोलीतल्या केरळच्या नर्सचा शोभाला मेसेज आला, 'अश्विनी ओके. फोन ब्लॉक. ऑफिसने बुलाया. टेन्शन नही आंटी.' ऑफिसने बोलावलं, एवढंच मी वाचलं. पोर परक्या देशात, एका टेबलासमोर उभी, आणि टेबलावर बापाच्या हातचा तक्ता. आयुष्यभर मी खिडकीच्या आत होतो. बाहेर माणूस कसा उभा असतो ते मला त्या तीन रात्रींत कळलं.

बायडाबाईंना सांगणं राहिलं होतं. कारखान्यातून परतताना त्या रोज दाराशी थांबून विचारायच्या, "कागद आला का, साहेब?" आणि मी दोन दिवस 'अजून नाही' म्हणालो होतो. एकतीस वर्षांत आलेला कागद आला नाही असं मी कधी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. माझ्या तक्त्यामुळे भगवंतचा फोन बंद झाला आहे, आता तो मेसेजसुद्धा करू शकत नाही, आणि यात कंपनीइतकीच माझीही चूक आहे.

त्या बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मला वाटलं आता रडतील, नाहीतर बोलतील. दोन्हीची मी तयारी केली होती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्हनी चूक तं शे. पन तुम्हना कागद आता गया. त्याच्या आधी तीन महिने तो काब्र नही बोलला?"

"लाईन नव्हती ना."

"तुम्हना पोरीले सापडनी. त्याले नही सापडनी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मना पोऱ्या फिटर शे. बंद पडेल मशीन चालू करस तो. एक फोन चालू करता नही येवाव त्याले?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. शोभा दारात येऊन उभी होती. बायडाबाई उठल्या आणि गेल्या. त्यांनी तीन महिने मनात धरलेली गोष्ट होती ती. आम्ही सगळे कंपनीवर रागावलो होतो, आणि त्या एकट्या घाबरलेल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी अश्विनीचा फोन आला. साधा, महागडा फोन. शोभाने उचलला, ऐकलं, आणि न बोलता तो माझ्या हातात दिला.

"बाबा," अश्विनी म्हणाली, "तुमचं पत्र वाचलं मी. त्यांनी मला त्याची प्रत दिली."

"अगं..."

"व्यापारी संबंधांचा परिच्छेद त्यांना आवडला म्हणे." ती हसली की काय ते मला कळेना. मग घाईघाईने तिने सांगितलं ते असं.

तिला आणि भगवंतला कंपनीच्या कचेरीत एकाच दिवशी बोलावलं होतं. खिडकीवरच्या माणसाने 'बगवान, बगवान' अशी हाक मारली तेव्हा एक काळासावळा माणूस पुढे आला. फॉर्म भरताना त्याचा डावा हात पँटच्या खिशातच होता. कागद सरकत होता, तरी हात बाहेर निघेना. अश्विनीने पुढे होऊन कागद धरला आणि मराठीत विचारलं, "हाताला काय झालंय?" तो म्हणाला, काही नाही. नर्सला 'काही नाही' म्हणणारे दिवसाला तीस भेटतात. तिने हात बाहेर काढायला लावला. दोन बोटं गेलेली. पाईपच्या मशीनमध्ये, तीन महिन्यांपूर्वी. वर बांधलेली पट्टी मळकी, आणि खाली जखम चिघळलेली. कंत्राटदाराच्या माणसाने गोळ्या दिल्या होत्या, त्यावर तो काम करत होता. मायला दिसू नये म्हणून फोन लागत नाही असं कळवत होता. कंपनीची बंदी त्याच्या कामाला आली होती.

"आणखी पंधरा दिवस गेले असते तर हात गेला असता, बाबा. मी त्याला तिथून तसाच आमच्या हॉस्पिटलात घेऊन आले. आता दर शुक्रवारी ड्रेसिंगला येणार आहे. आत्ता इथेच आहे. त्याच्या मायला बोलावून घ्या."

"पण फोन?"

"मी कंपनीचंच पॅकेज घेतलं. त्यांचं स्वतःचं व्हिडिओ कॉलचं ॲप आहे, त्याला परवानगी आहे. हमीपत्रावर सही केली, दुसरं काही वापरणार नाही म्हणून. अर्ध्या तासाने लावते."

मी स्वतः चाळीत गेलो. बायडाबाईंना पाळी बदलून मिळाली होती, त्या घरी होत्या. वाटेत मी त्यांना बोटांचं सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण मागच्या दोन 'अजून नाही'चं ओझं होतं. त्या ऐकत चालत राहिल्या, फक्त चाल वाढली. जिना चढताना मला धाप लागली, त्यांना नाही.

फोन लागला. चित्र अगदी आरशासारखं स्वच्छ होतं. रस्ता दुसऱ्या कुणाला न देता एकट्याने वापरला की गाडी बहुधा अशीच गुळगुळीत चालत असेल. पडद्यावर भगवंत होता. दाढी वाढलेली, खांदा एका बाजूला झुकलेला.

"माय, मी मजेत..."

"हात दखाड," बायडाबाई म्हणाल्या.

त्याने हात वर केला. स्वच्छ पांढरी पट्टी होती. बायडाबाईंनी फोन जवळ घेतला. माझ्याकडे दिला नाही, शोभाकडे दिला नाही, दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला.

"दुखस?"

"आता नही."

"जेवतानी कोन्ता हात वापरस?"

"उजवा. तो चांगला शे, माय."

"मंग जेवत जाय. वाळी गया तू." मग म्हणाल्या, "मना पोऱ्याले दोन बोटं कमी शेत, हे माले बठ्ठास्नी आधी समजाले पायजे होतं. लाज वाटनी का तुले मनी?"

भगवंत पस्तिशीचा असेल. त्याने तिथे, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, लहान पोरासारखा चेहरा फिरवला. बायडाबाई त्याला कुणी बाकावर बसवतं का ते विचारत होत्या, भाकरीचं पीठ तिकडे मिळतं का ते विचारत होत्या. शोभा डोळे पुसत होती. मी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघू लागलो. समोरच्या रस्त्यावरून कारखान्याची बस गेली. तिच्यातली माणसं मान टाकून झोपली होती.

पुष्कळ वेळाने फोन माझ्याकडे आला. अश्विनी होती. गेल्या वर्षभरात मी तिला विहिरीतून ऐकलं होतं, पाण्यातून पाहिलं होतं, आता ती सरळ दिसत होती. डोळ्यांखाली काळं होतं. केस कापून खांद्यापर्यंत केले होते.

"केस कधी कापलेस?"

"चार महिने झाले, बाबा. धुवायला वेळ नसतो." मग म्हणाली, "बाबा, मला इथे आवडत नाही."

मागे ट्रॉलीचा आवाज आला. तिने सांगायला सुरुवात केली. दोन पाळ्या सलग असतात. खोलीत सहाजणी आहेत. एका वॉर्डची मुख्य बाई सगळ्यांसमोर बोलते. आईला रोज 'टिवटिव'वर दिसायची तेव्हाही हे सगळं होतं. पण आई इतकी खूश असायची की सांगवत नव्हतं. आणि मी तर 'हो, ठेव आता' एवढंच म्हणायचो.

माझ्या डोक्यात लगेच कागद तयार होऊ लागला. हॉस्पिटलच्या संचालकांना अर्ज, दूतावासाला प्रत, कराराची कलमं तपासायची, वैद्यकीय कारण... मी म्हणालो, "तू परत ये. मी बघतो काय करायचं ते. करार मोडायचा तर आपण..."

"नाही बाबा. दीड वर्ष उरलंय, ते मी पूर्ण करणार आहे. तुम्ही काही करू नका."

"मग?"

"मग काही नाही. नुसतं सांगायचं होतं."

मी खुर्ची ओढून खिडकीशी बसलो. शोभा आणि बायडाबाई आत चहा करत होत्या, त्यांची भांडी वाजत होती. दार लोटून घेतलं. फोन दोन्ही हातांत नीट धरला.

"सांग," मी म्हणालो.

ती त्या मुख्य बाईबद्दल सांगू लागली. ती बाई कशी चालते, कशी ओरडते, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन एकटीच कशी रडते.